वाचक विचारतात : नाताळची चित्रं काढणाऱ्या माणसाचं आयुष्य

मागच्या अंकात या सदरात नाताळच्या धार्मिक चित्रांबद्दल, म्हणजे गोठा, बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ असं जे चित्र असतं त्याच्याबद्दल, जेमतेम एक परिच्छेद लिहिला होता आणि त्यात अँजेलो द फोन्सेका यांचं नाव ओझरतं आलं होतं. सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत, सगळं सदर याच चित्रांना आणि ती काढणाऱ्यांना. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं सांगितलंय, त्यामुळे कुणाचंच छापत नाहीये.

ताई, तुम्ही लिहिलंत की हे चित्रकार मूळचे गोव्याचे आणि आयुष्य काढलं पुण्यात. मी पुण्यातच वाढले, दर रविवारी चर्चला जाते, पण हे नाव कधी कानावर आलं नाही. कोण होते हे? आणि मरियेला साडी नेसवलेलं चित्र मी मोबाईलवर आजीला दाखवलं तर ती म्हणाली हे काय भलतंच. असं काढलेलं चालतं का?
(कॉलेजात शिकणारी वाचक, पुणे)

फोन्सेका यांचा जन्म १९०२ चा, गोव्यातल्या सांत इस्तेव बेटावरचा, तिथले लोक त्याला जुवें पण म्हणतात. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य. आधी मेडिकलला गेले, ते सोडलं, मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले, तिथल्या युरोपियन वळणाच्या शिक्षणात मन रमेना म्हणून तेही सोडलं आणि थेट बंगाल गाठलं. तिथे अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वळण हेच, कारण ही दोघं त्या काळात एकच गोष्ट धरून बसली होती, की आपली माणसं आपल्या रेषेत, आपल्या रंगात काढायची, आणि ख्रिस्ती घरातला मुलगा एकदा हे शिकला की तो आज ना उद्या विचारणारच ना, की मग माझी मरिया इटालियन का दिसते?

त्यांनी ते नुसतं विचारलं नाही, काढून दाखवलं. त्यांची मरिया सावळी, साडी नेसलेली, अनवाणी, आपल्याकडची बाई जशी बाळाला मांडीवर घेऊन बसते तशी बसलेली. बंगालहून ते गोव्याला परत आले तेव्हा हे सगळं सोबत घेऊन आले आणि तिथल्या चर्चच्या वर्तुळात ते पटलं नाही, ही ख्रिस्ती चित्रं नव्हेत, हिंदू वाटतात अशी टीका झाली. शेवटी १९३० नंतरच्या त्या काळात गाव सोडून पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले. हा आश्रम अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचा), फोन्सेका कॅथलिक, म्हणजे ज्या चर्चमध्ये ते वाढले तिथे चित्राला जागा नाही आणि दुसऱ्या पंथाच्या आश्रमात मात्र खोली मिळाली. मला हे दरवेळी वाचताना आत कुठेतरी लागतं.

या संघाबद्दल दोन वाक्यं, कारण त्याशिवाय फोन्सेका पुण्यातच का टिकले ते कळणार नाही. जॅक विन्स्लो नावाच्या इंग्लिश धर्मगुरूंनी तो १९२२ मध्ये सुरू केला. हे विन्स्लो म्हणजे आपल्या नारायण वामन टिळकांनी भारावलेला माणूस, टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलंय त्यांनी. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणलं होतं, विन्स्लो यांना प्रार्थना, कपडे, जेवणखाण, राहणं सगळं भारतीय हवं होतं, पुढे आदिवासींवर लिहिणारे व्हेरिअर एल्विनसुद्धा भारतात आले ते आधी याच संघात. अशा ठिकाणी साडीतली मरिया काढणारा माणूस परका ठरणारच नव्हता. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे इतिहासकार फादर हेरास यांचाही त्यांना मोठा पाठिंबा होता. पुढे लग्न झालं, पत्नी आयव्ही यांचा चेहरा त्यांच्या मरियेच्या बऱ्याच चित्रांत दिसतो असं सांगतात, आणि १९६७ मध्ये पुण्यातच ते गेले. त्याच्या दोनच वर्षं आधी दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची मोठी सभा, संपली होती, १९६२ ते १९६५ चालली ती, आणि तिच्यानंतर स्थानिक भाषा, स्थानिक कला यांना कॅथलिक चर्चमध्ये उघडपणे दार मिळालं. फोन्सेका तीस वर्षांहून जास्त काळ आधीपासून तेच करत होते.

आता आजींचं. आजींवर चिडू नका, लहानपणापासून घराच्या भिंतीवर निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची मरिया बघितली की तीच खरी वाटणार. पण त्यांना एक विचारा. बेथलेहेम आहे पश्चिम आशियात. तिथली त्या काळातली ज्यू मुलगी सोनेरी केसांची असेल का? युरोपातल्या चित्रकारांनी तरी काय केलं, आपल्या गल्लीतली मुलगी समोर बसवली आणि तिलाच मरिया केलं. इटालियनांनी इटालियन केली, फ्लेमिश लोकांनी फ्लेमिश केली. त्यांना कुणी म्हणालं नाही की हे परधर्माचं झालं. जे फोन्सेकांनी केलं ते काही नवीन नव्हतंच, नवीन एवढंच की करणारा माणूस गोव्याचा होता. आणि आपल्या भाषेत तर हे त्याच्या तीनशे वर्षं आधी होऊन गेलंय, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं, सगळं मराठी ओवीत. कानाला चाललेली गोष्ट डोळ्याला का चालू नये? तर हो, चालतं. माझं मत विचाराल तर चालायलाच हवं.

सर/मॅडम, नाताळच्या चित्रात बैल, गाढव आणि तीन राजे हवेतच का? माझ्या मुलाने शाळेच्या स्पर्धेत ते काढले नाहीत म्हणून मार्क कापले.
(एक पालक)

मार्क कापायला नको होते. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, बाळंत्यात गुंडाळलेलं बाळ आहे, मेंढपाळ आणि देवदूत आहेत, बैल-गाढव कुठेच नाहीत. ते आले बायबलच्या जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून, तिथे बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या धन्याच्या गव्हाणीला ओळखतं असं वचन आहे, ते जुन्या काळापासून या प्रसंगाला जोडलं गेलं. ज्यांना आपण तीन राजे म्हणतो ते मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, येतात मत्तयच्या शुभवर्तमानात, पण तीन असा आकडा तिथे नाही, राजे असंही नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी आहेत त्यावरून माणसं तीन ठरली. शिवाय मत्तयमध्ये ते घरात येतात, गोठ्यात नाही. पण ही परंपरा चुकीची म्हणून टाकून द्या असं मी म्हणणार नाही, बैलाच्या तोंडाची ऊब बाळाला मिळतेय हे चित्रात फार सुंदर दिसतं. मुलाला फक्त सांगा की तुझं चित्र शुभवर्तमानाला धरून आहे.

अशी चित्रं काढून पोट भरतं का? मी वसईचा, कमर्शियल आर्ट केलंय, चर्चच्या ऑर्डरी मधूनमधून येतात, पण त्यात सगळ्यांना घाई आणि पैसे देताना 'देवाचं काम आहे' असं ऐकायला मिळतं. पूर्वीचे लोक कसं निभावायचे?
(तरुण चित्रकार)

दादा, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला म्हणून याला जरा लांब उत्तर देतेय.

पूर्वीचे लोक लेखी करार करून निभावायचे. फ्लोरेन्समध्ये डोमेनिको गिर्लांदायो नावाचा चित्रकार होता, त्याला अनाथ मुलांच्या एका संस्थेने ख्रिस्तजन्माचं, म्हणजे मागी लोक बाळाला वंदन करतात त्या प्रसंगाचं, मोठं चित्र सांगितलं. त्याचा १४८५ चा करार आजही उपलब्ध आहे आणि तो वाचताना वाटतं हे काल लिहिलंय. चित्र किती महिन्यांत संपवायचं, एकूण ११५ फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं), ते दर महिन्याला तीन फ्लोरिनच्या हप्त्याने, रंग आणि सोन्याची पूड चित्रकाराने स्वतःच्या खर्चाने आणायची, आणि निळा रंग साधासुधा नाही, साधारण चार फ्लोरिनला एक औंस अशा प्रतीचा अल्ट्रामरीनच हवा! वर संस्थेच्या प्रमुखाला चित्र तेवढ्या किमतीचं वाटलं नाही तर तो कमी देणार, हेही कलम. म्हणजे देवाचं काम होतं आणि पै-पैचा हिशोबही होता, दोन्ही एकाच कागदावर. चित्र १४८८ ला पूर्ण झालं आणि अजून फ्लोरेन्समध्येच आहे.

त्या निळ्या रंगाचं एवढं का, तर तो तयार व्हायचा लॅपिस लाझुली दगडापासून आणि तो दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. नुसता कुटून चालत नाही, करडा होतो. त्याची पूड राळ, मेण आणि तेलाच्या गोळ्यात मिसळून तो गोळा दिवसचे दिवस मुरवायचा आणि मग राखेच्या क्षारपाण्यात तिंबत राहायचा, तेव्हा कुठे निळे कण सुटून तळाशी बसतात. पहिल्यांदा सुटतो तो सगळ्यात गडद आणि महाग, मग फिका, शेवटी राखाडी. मरियेचा झगा निळा करण्यात भक्ती होतीच, पण तो पैसे देणाऱ्याने देवासाठी किती खर्च केला हे दाखवण्याचाही मार्ग होता. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये निघाला आणि मग तो ट्यूबमधून कुणालाही मिळायला लागला.

फोन्सेकांचं बोलायचं तर आश्रमात राहिल्यामुळे डोक्यावर छप्पर होतं आणि राहणी साधी होती. प्रत्येकाला ते शक्य नाही, संसार असलेल्या माणसाला तर नाहीच. म्हणून तुम्हाला काही व्यवहारी गोष्टी सांगते. पहिली, वर्षाचं गणित उलटं लावा. नाताळची कार्डं, कॅलेंडरं छापायला आधी कित्येक महिने लागतात, त्यामुळे हे चित्रकार भर उन्हाळ्यात पंखा लावून बेथलेहेमची थंडी रंगवत बसतात. डिसेंबरमध्ये जी ऑर्डर येते ती घाईचीच असणार, तिचा दर वेगळा सांगायचा आणि सांगताना मान खाली घालायची नाही.

दुसरी, कागदावर घ्या. साईज, माध्यम, रफ स्केच कोण पास करणार, नंतर बदल सांगितले तर किती वेळा करणार, ॲडव्हान्स किती, फ्रेम आणि टेम्पोचा खर्च कुणाचा. आणि एक गोष्ट ठळक लिहा, ती म्हणजे कॉपीराइट. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आहे की कुणी पैसे देऊन खास करवून घेतलेलं पेंटिंग असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालकी हक्क ते करवून घेणाऱ्याचा. म्हणजे तुम्ही वेदीमागचं चित्र काढलंत, पुढच्या वर्षी त्याची कार्डं छापून विकली तरी तुम्हाला काही बोलता येणार नाही, जर आधी लिहून घेतलं नसेल तर. खूप जणांना हे माहीत नसतं. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ सुरुवातीलाच हवी.

आणि 'देवाचं काम आहे' असं कुणी म्हणालं की राग मानू नका, पण वेळ पण घालवू नका, म्हणा, हो आहे, म्हणूनच नीट करणार आहे, हा घ्या कागद. जिथे खरंच पैसे नसतील, छोटी वस्ती, छोटं चर्च, तिथे वाटलं तर फुकट करा, पण ते तुम्ही ठरवा, त्यांनी नाही.

माझा प्रॉब्लेम टेक्निकल आहे. ख्रिस्तजन्माचं चित्र वॉटरकलरमध्ये करतेय. बाळातून प्रकाश येतोय असं दाखवायचंय पण ते बल्ब लावल्यासारखं दिसतं, पिवळं पिवळं. काय चुकतंय?
(हौशी चित्रकार, नाशिक)

बाळाभोवती पिवळा रंग जास्त लावताय, हेच चुकतंय. उजेड रंगाने दिसत नाही, अंधाराने दिसतो.

ही बाळातून प्रकाश येण्याची कल्पना खूप जुनी, पण ती चित्रांमध्ये पसरली स्वीडनच्या संत ब्रिजिटमुळे. १३७२ च्या सुमाराला ती बेथलेहेमला गेली होती, तिथे तिला दर्शन झालं त्यात बाळाचं तेज एवढं होतं की योसेफाच्या हातातल्या मेणबत्तीचा उजेड दिसेनासा झाला, आणि मरिया गुडघे टेकून, बाळ समोर जमिनीवर. तिच्यानंतर चित्रकारांनी हेच कम्पोझिशन उचललं. गेर्टगेन नावाच्या डच चित्रकाराचं १४९० च्या आसपासचं रात्रीचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, वहीच्या पानापेक्षा थोडंसंच मोठं, पण त्यातला काळोख खोल आहे म्हणून गव्हाणीतलं बाळ झळकतं. कोरेज्जो या इटालियन चित्रकाराच्या चित्रात तर एक बाई बाळाच्या तेजाने डोळे दिपून हात आडवा धरते. बघा, त्याने प्रकाश जास्त पिवळा नाही केला, तो प्रकाश सहन न होणारा माणूस काढला. मला ही युक्ती कायम भारी वाटत आलीय.

आता तुम्ही काय करायचं. घरातल्या कुणाला तरी अंधाऱ्या खोलीत बसवा, मांडीवर मोबाईलचा टॉर्च लावून ठेवा, त्यावर पांढरी ओढणी दोनदा घडी करून टाका, आणि नीट बघा. उजेड खालून येतो तेव्हा चेहरा आपल्या ओळखीचा राहत नाही. हनुवटीची खालची बाजू उजळते, नाकपुड्यांच्या कडा, वरच्या पापणीची आतली बाजू, भुवईच्या खालचं हाड हे उजेडात येतं, आणि कपाळ, गालाचा वरचा उंचवटा, नाकाचा शेंडा यांच्यावर सावली. आपण सवयीने कपाळ उजळ ठेवतो आणि तिथेच सगळं फसतं, बघणाऱ्याला कळत नाही काय बिघडलंय पण प्रकाश बाळाचा वाटत नाही. हात जवळ असतात म्हणून हात सगळ्यात उजळ, मग चेहरा, मग बैलाचं नाकाड, आणि मागचा योसेफ जवळपास अंधारात. पेन्सिलने किंवा एकाच करड्या रंगाने तळहाताएवढं छोटं स्केच करून हे उतरते क्रम आधी ठरवून घ्या, रंग नंतर.

वॉटरकलरमध्ये सगळ्यात उजळ जागा म्हणजे कोरा कागद, तो राखून ठेवा, वरून पांढरा पोस्टर कलर नको. आणि बंगालच्या चित्रकारांचं वॉश टेक्निक करून बघा, फोन्सेकाही त्याच परंपरेत शिकलेले. जपानहून योकोयामा तायकान आणि हिशिदा शुन्सो १९०३ मध्ये कलकत्त्याला आले होते, त्यांचं काम बघून अवनींद्रनाथांनी ही पद्धत आपल्या पद्धतीने बसवली. चित्र रंगवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग अख्खा कागद पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवायचा, जो रंग धरलेला नाही तो सुटून जातो, मग बाहेर काढून जादाचं पाणी टिपायचं आणि ओलसर असतानाच अगदी पातळ रंगाचा हात फिरवायचा. पुन्हा वाळवा, पुन्हा बुडवा. प्रत्येक वेळी कडा मऊ होत जातात आणि चित्रावर धुक्यासारखा एक पडदा येतो, त्यातून बाळाजवळची जागा दर वेळी ओल्या ब्रशने हलकेच पुसून काढत राहिलात तर उजेड आतून आल्यासारखा दिसतो. चांगला जाड कॉटनचा कागद घ्या मात्र, साध्या ड्रॉइंग पेपरचा लगदा होईल. आणि घाई असेल तर या फंदात पडू नका, एका चित्राला आठवडे जातात.

हे चित्र काढायला स्वतः ख्रिस्ती असावं लागतं का? मी हिंदू आहे, मला मनापासून काढावंसं वाटतं.

नाही लागत. १५८० मध्ये अकबराच्या दरबारात पहिले जेसुइट (कॅथलिकांच्या येशूसंघाचे) धर्मगुरू आले, त्यांनी आणलेली बायबलची आणि मरियेची छापील चित्रं बघून मुघल चित्रकारांनी, म्हणजे मुसलमान आणि हिंदू चित्रकारांनी, ख्रिस्तजन्माची आणि मरियेची चित्रं काढली आणि ती अतिशय देखणी आहेत. आपल्या काळाजवळ यायचं तर बंगालचे चित्रकार जामिनी रॉय, ख्रिस्ती नव्हते, ख्रिस्ताची किती चित्रं त्यांनी काढली, तेच मोठे बदामी डोळे, तीच जाड रेषा. प्रसंग आधी वाचा, लूक आणि मत्तय दोन्हीचे पहिले दोन-दोन अध्याय, तासाभराचं वाचन आहे. कुठल्या गोष्टी श्रद्धेच्या आहेत ते एखाद्या ख्रिस्ती मित्राला विचारून घ्या. मग काढा, बिनधास्त.

या क्षेत्रात बायका होत्या का हो? सगळी नावं पुरुषांचीच ऐकतोय.

होत्या. अँजेला त्रिंदाद, १९०९ चा जन्म, चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची मुलगी, जे. जे. मध्ये शिकलेली. वडील युरोपियन पद्धतीचे पोर्ट्रेट काढणारे मोठे नाव, लेकीने सुरुवात तशीच केली आणि नंतर भारतीय शैलीतली ख्रिस्ती चित्रं काढू लागली. पणजीला फुंदासाव ओरिएंत या सांस्कृतिक संस्थेत या बापलेकीची चित्रं आहेत. तिच्यावर एकदा स्वतंत्र लिहायचंय मला.

मला आमच्या चर्चसाठी ख्रिस्तजन्माचं मोठं चित्र करायला सांगितलंय. मी स्केचमध्ये आमच्याच वस्तीतल्या बायका, मेंढपाळ म्हणून आमच्याकडचे धनगर, मागे बाभळी असं घेतलं. फादरना आवडलं, पण कमिटीतले दोघंतिघं अडून बसलेत, म्हणतात हे पवित्र वाटत नाही, नेटवरून एखादं परदेशी चित्र घेऊन त्याची कॉपी करा. मी काय करू?
(चित्रकार शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा)

सर, स्केच तुम्ही मागे घेऊ नका, एवढं आधी सांगते.

कमिटीतल्या लोकांना शब्दांनी पटवायला जाऊ नका, वाद वाढतो. पुढच्या मीटिंगला एका चित्राचा मोठा प्रिंट घेऊन जा, फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रुगेलचं 'बेथलेहेममधील शिरगणती', १५६६ चं. त्यात बेथलेहेम चक्क बर्फाखाली गेलेलं फ्लँडर्समधलं, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचं, खेडं आहे. पोरं बर्फावर खेळतायत, एका बाजूला डुक्कर कापतायत, नाव नोंदवायला खिडकीपाशी माणसांची ही गर्दी, आणि त्या सगळ्यात गाढवावर बसलेली निळ्या झग्यातली मरिया आणि खांद्यावर करवत घेतलेला योसेफ, पटकन सापडतसुद्धा नाहीत. प्रिंट समोर ठेवा आणि विचारा, यात मरिया कुठेय शोधा. शोधताना त्यांना आपोआप कळेल की त्या माणसाने स्वतःचं गाव काढलंय. मग तुमचं स्केच शेजारी ठेवा. नेटवरचं जे परदेशी चित्र त्यांना पवित्र वाटतंय तेही कुणाच्या तरी वस्तीचंच चित्र आहे, फक्त ती वस्ती आपल्याला माहीत नाही म्हणून ती स्वर्गासारखी वाटते.

तरीपण त्यांच्या म्हणण्यात एक काळजी खरी असू शकते, ती ऐकून घ्या. वस्तीतल्या ओळखीच्या बाईचा हुबेहूब चेहरा मरियेला दिला तर प्रार्थनेच्या वेळी लोकांना ती बाईच दिसणार, त्यावरून उद्या मत्सर, भांडणं, चेष्टा काहीही होऊ शकतं, आणि त्या बाईलाही अवघड होईल. म्हणून दोन-तीन चेहऱ्यांतून एक करा. कपाळ एकीचं, डोळे दुसरीचे, हात मात्र खरे हात बघूनच काढा, कारण काम केलेले हात कल्पनेतून येत नाहीत. धनगरांच्या बाबतीत घोंगडी, काठी, पागोटं हे बारकाईने बघून घ्या, त्यात चूक झाली तर तेच लोक आधी बोट दाखवतील आणि ते बरोबरच असेल. कुंकू, मंगळसूत्र या गोष्टींवर फादरशी आधी बोलून ठेवा, दागिना कुठला आणि किती हे तुमच्या चर्चमधल्या बायकांनाच विचारा, त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

आणि रंगीत स्केच छोट्या साईजमध्ये पूर्ण करून कमिटीच्या सह्या घ्या त्यावर, पेन्सिल स्केचवर नको. बऱ्याचदा लोकांना पेन्सिलमध्ये नुसती साधी माणसं दिसतात, तेच रंगात, बाळाचा उजेड चेहऱ्यांवर पडलेला बघितला की आवाज खाली येतो. तुमच्या स्केचचा फोटो मी इथे ऑफिसात सगळ्यांना दाखवला, बाभळीच्या काट्यांमागे तो तारा फार छान बसलाय, तो हलवू नका.

फोन्सेकांची मूळ चित्रं कुठे बघायला मिळतील?

गोव्यात पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. ही संशोधन संस्था आहे, त्यामुळे जायच्या आधी फोन करून कोणत्या दिवशी काय बघता येईल ते विचारून घ्या. आणि वेळ हाताशी ठेवून जा, कारण वॉशमधली चित्रं फोटोत सपाट दिसतात, समोर उभं राहिल्यावर एकावर एक बसलेले थर दिसायला थोडा वेळ लागतो.